पत्त्यावरून ठरणारी शाळा: अमेरिकी स्कूल डिस्ट्रिक्ट सगळ्या मुलांना कसं सामावून घेतात

अमेरिकेत घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याशी बोलायला लागलं की दोन-तीन वाक्यांत विषय स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर येतो. तीन बेडरूम हव्यात, ऑफिस फार लांब नको, पण आधी डिस्ट्रिक्ट चांगला हवा. मग शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या वेबसाइट उघडतात, नऊ-दहा गुणांच्या शाळांभोवती शोध सुरू होतो आणि त्या भागातली घरं बाकीच्यांपेक्षा भलतीच महाग असल्याचं लक्षात येतं. ज्यांना झेपतं ते मोठं कर्ज काढून तिथे जातात. ज्यांना झेपत नाही त्यांची मुलं दुसऱ्या शाळेत जातात. शाळा सरकारी, फी शून्य, तरी तिथपर्यंत पोचायची किंमत घराच्या किमतीत दडलेली असते.

सगळ्या थरांतली, वंशांची, भाषांची मुलं सरकारी शाळेत एकत्र शिकावीत म्हणून अमेरिकेत जे प्रयत्न चालतात, ते समजून घ्यायचे तर सुरुवात या पत्त्यापासून करावी लागते. डायव्हर्सिटी, इन्क्लूजन हे शब्द तिथे आता इतके राजकीय झालेत की ते कानावर पडताच लोक आपापली बाजू धरतात. मला या विषयात अर्ज आणि नियम जास्त महत्त्वाचे वाटतात. कुठल्या गल्लीला कुठली शाळा, बस कुठून सुटते, प्रवेशाच्या फॉर्ममध्ये काय विचारतात, हुशार मुलांच्या वर्गासाठी नाव कोण सुचवतं. मूल शाळेत येतं का आणि आल्यावर तिथलं होतं का, याचा फैसला अशाच रुक्ष कागदांवर होतो.

डिस्ट्रिक्ट चालतो कसा

स्कूल डिस्ट्रिक्ट ही स्वतंत्र स्थानिक संस्था असते. देशात असे सुमारे १३ हजार डिस्ट्रिक्ट आहेत. न्यूयॉर्क शहराचा एकच आहे आणि त्यात नऊ लाखांच्या आसपास मुलं आहेत. उलट ग्रामीण भागात एकाच शाळेचा डिस्ट्रिक्टही सापडतो. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड कारभार पाहतं आणि रोजच्या कामासाठी सुपरिंटेंडेंट नेमतं. अभ्यासक्रमाची चौकट राज्य ठरवतं. शाळांच्या हद्दी, बस, शिक्षकभरती, सुट्ट्या, शिस्तीचे नियम हे सगळं डिस्ट्रिक्टच्या हातात असतं.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांपेक्षा मोठा फरक पैशात आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, मग गाव श्रीमंत असो की गरीब. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा ढोबळ हिशेब असा: दहातला जेमतेम एक वाटा केंद्र सरकारचा, उरलेले राज्य आणि स्थानिक संस्था जवळजवळ निम्मे-निम्मे उचलतात. स्थानिक वाटा बहुतांशी मालमत्ता करातून येतो. महागड्या घरांच्या गावात कर कमी दराने लावला तरी भरपूर गोळा होतो. स्वस्त घरांच्या गावात जास्त दराने लावूनही पुरत नाही.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरातल्या एजवुड डिस्ट्रिक्टचे पालक हीच तक्रार घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथली वस्ती मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्यांच्या विरोधात गेला. शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्यानंतर पैशाची लढाई एकेका राज्याच्या न्यायालयात लढावी लागली आणि काही ठिकाणी अजून सुरू आहे.

वस्त्या वेगळ्या झाल्या, की केल्या?

‘लोक आपल्यासारख्यांच्या शेजारी राहतात, त्याला सरकार काय करणार’ हा युक्तिवाद मराठी घरांतही ऐकू येतो. अमेरिकेच्या बाबतीत तो टिकत नाही. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरोशहरीचे नकाशे बनवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यात लाल रंगात दाखवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणं धोक्याचं. अनेक ठिकाणी घरांच्या खरेदीखतातच अट असे की हे घर गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असा निकाल १९४८ मध्ये आला, तोवर वस्त्या ठरून गेल्या होत्या. घर हेच मध्यमवर्गाचं मुख्य भांडवल असल्यामुळे ज्यांना कर्ज मिळालं नाही त्यांच्या नातवंडांकडेही आज कमी जमा आहे. त्या वस्त्यांवर शाळांच्या हद्दी आखल्या की मुलं आपोआप वेगळी होतात.

दक्षिणेतल्या राज्यांत एवढ्या आडपडद्याची गरजच नव्हती. तिथे कायद्यानेच शाळा वेगळ्या होत्या. १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात. ज्या लिंडा ब्राउनच्या नावाने हा खटला ओळखला जातो, ती कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावात राहायची. घराजवळची शाळा गोऱ्यांची, म्हणून तिला रेल्वेचे रूळ ओलांडून बस पकडून दूरच्या शाळेत जावं लागे.

या निकालाची एक बाजू फार कमी सांगितली जाते. शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेली. त्यांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक मात्र गेले नाहीत. हजारो अनुभवी कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलं अशा वर्गांत जाऊन बसली जिथे फळ्यासमोर, कार्यालयात, मुख्याध्यापकांच्या खुर्चीत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. दार उघडलं, पण आतली व्यवस्था बदलली नाही. आज डिस्ट्रिक्ट वेगवेगळ्या समाजांतले शिक्षक मिळवण्यासाठी धडपडतात, तेव्हा त्या वेळी केलेल्या नुकसानाची थोडी भरपाई करत असतात.

उत्तरेत अडचण वेगळी होती. डेट्रॉइट शहरातून गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली होती, आणि उपनगरांचे डिस्ट्रिक्ट स्वतंत्र. शहर आणि उपनगरं मिळून मुलांची वाटणी करा, असा आदेश खालच्या न्यायालयाने दिला होता. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय डिस्ट्रिक्टची सीमा ओलांडता येणार नाही, असं ठरलं. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात महागडा निकाल हाच. ज्याला मिसळणं नको त्याने सीमेपलीकडे घर घ्यावं, एवढी सोपी पळवाट त्याने कायम करून ठेवली.

बर्कलीने काय केलं

या सगळ्या कोंडीत एखादा डिस्ट्रिक्ट स्वतःहून काय करू शकतो, हे पाहायला कॅलिफोर्नियातलं बर्कली उत्तम उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं, सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचं, विद्यापीठाचं गाव. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडीकडे उतरत जाणारा सपाट भाग. डोंगरावर गोरी आणि सुखवस्तू कुटुंबं, खाली कृष्णवर्णीय आणि कामगार. मधला ग्रोव्ह स्ट्रीट ही न बोललेली वेस. त्या रस्त्याचं नाव पुढे मार्टिन लूथर किंग ज्युनिअर वे झालं.

बर्कलीवर कुठल्या न्यायालयाचा आदेश नव्हता. बोर्डाने आधी माध्यमिक वर्ग एकत्र केले. त्यावर चिडलेल्या गटाने १९६४ मध्ये बोर्डाच्या सदस्यांना मुदतीआधीच पदावरून काढण्यासाठी मतदान घडवून आणलं, पण मतदारांनी सदस्यांना राखलं. त्याच वर्षी नील सलिव्हन सुपरिंटेंडेंट म्हणून आले. ते आधी व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत होते (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). एकत्र शाळा नकोत म्हणून त्या काउंटीने १९५९ पासून सरकारी शाळाच बंद करून टाकल्या होत्या आणि तिथल्या कृष्णवर्णीय मुलांची वर्षंच्या वर्षं शाळेविना गेली. त्या मुलांसाठी देणग्यांवर उभी केलेली मोफत शाळा सलिव्हन यांनी चालवली होती. वेगळेपणाचा हट्ट कुठवर जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९६८ च्या सप्टेंबरमध्ये बर्कलीने प्राथमिक शाळांसाठी दुहेरी बससेवा सुरू केली. तिसरीपर्यंतचे वर्ग डोंगरावरच्या शाळांत, म्हणून खालची मुलं वर जाणार. चौथी ते सहावी खालच्या शाळांत, म्हणून वरची मुलं खाली येणार. या योजनेचं खरं मोल त्या ‘दुहेरी’त आहे. इतर बऱ्याच गावांत बसचा त्रास फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला आला. इथे दोन्ही बाजूंच्या आयांना सकाळी मुलांना लवकर उठवावं लागलं. पुढे अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस या बसमधून डोंगराकडच्या थाउजंड ओक्स शाळेत जात. त्यांच्या आई श्यामला गोपालन संशोधनासाठी भारतातून आल्या होत्या आणि मुलींना घेऊन सपाटीवरच्या भागात राहत होत्या.

काळ बदलला तशी योजनाही बदलावी लागली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला आणि सरकारी शिक्षणात वंशावरून कुणालाही झुकतं माप देण्यावर बंदी आली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिएटल आणि लुइव्हिल इथल्या योजना रद्द केल्या, कारण त्यांत एकेका मुलाचा वंश पाहून शाळा ठरत होती. मात्र न्यायमूर्ती केनेडी यांनी वेगळं मत लिहून एक वाट मोकळी ठेवली. शाळा कुठे बांधायची, हद्दी कशा आखायच्या असे सगळ्यांना लागू होणारे निर्णय घेताना वस्तीचा विचार करायला हरकत नाही, असं त्यांनी लिहिलं.

बर्कलीची २००४ पासूनची पद्धत नेमकी याच वाटेने जाणारी आहे. गावाचे तीन झोन, तिन्ही डोंगरापासून खाडीपर्यंत पसरलेले, म्हणजे प्रत्येक झोनमध्ये वरचीही घरं आली आणि खालचीही. मग सगळ्या गावाचे ४४५ छोटे तुकडे केले, एकेक तुकडा चार ते आठ ब्लॉकचा (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला घरांचा चौकोन). प्रत्येक तुकड्याच्या तीन गोष्टी पाहिल्या: घरांचं सरासरी उत्पन्न, मोठ्या माणसांचं सरासरी शिक्षण आणि गोऱ्यांव्यतिरिक्तच्या मुलांचं प्रमाण. त्यावरून तुकड्याला एक, दोन किंवा तीन असा गट मिळतो.

एकाच तुकड्यात समजा एक कृष्णवर्णीय डॉक्टर राहते आणि शेजारी एक गोरा ट्रकचालक. दोघांच्याही मुलांना तोच गट. डिस्ट्रिक्ट त्या मुलांचा वंश पाहत नाही, आईबापांचा पगारही विचारत नाही. फक्त पत्ता पाहतो. जो पत्ता इतकी वर्षं मुलांना वेगळं करायला वापरला गेला, तोच एकत्र आणायला वापरायचा, ही या पद्धतीची हुशारी आहे.

पालक आपल्या झोनमधल्या शाळा पसंतीक्रमाने भरतात. ज्यांची भावंडं आधीच एखाद्या शाळेत आहेत अशांना अग्रक्रम मिळतो. बाकी जागांसाठी संगणक सोडत काढतो आणि झोनमध्ये तिन्ही गटांचं जे प्रमाण, साधारण तेच प्रत्येक शाळेत राहील असं पाहतो. लांब पडणाऱ्या लहान मुलांना डिस्ट्रिक्टची बस मिळते. या पद्धतीविरुद्ध खटला झाला, पण २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. एकेका मुलाला वंशावरून वेगळी वागणूक मिळतच नाही, तेव्हा प्रस्ताव २०९ मोडला जात नाही, असा निष्कर्ष निघाला.

आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन सोडत पाहिलेल्या महाराष्ट्रातल्या पालकांना हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की आपल्याकडे खासगी शाळेचा एक कोपरा बाजूला ठेवतात, बर्कलीत सगळ्याच जागा एका हिशेबात येतात. अंतराचा नियम आपल्याकडेही हत्यार होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागा देण्यातून सूट मिळाली. शहरांत अशी शाळा बहुतेक ठिकाणी असतेच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली.

एकत्र शिकून उपयोग होतो का? बर्कली विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत एकत्रित शाळांत शिकलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. जी कृष्णवर्णीय मुलं अशा शाळांत जास्त वर्षं राहिली, त्यांचं शिक्षण, कमाई आणि आरोग्य सुधारलं, तुरुंगात जाण्याचं प्रमाण घटलं. गोऱ्या मुलांचं नुकसान झालं नाही. याचं मोठं कारण जॉन्सन सांगतात ते साधं आहे: एकत्र आल्यावर त्या मुलांच्या वाट्याला जास्त पैसा आणि लहान वर्ग आले. नुसतं शेजारी बसल्याने जादू झाली नाही.

बर्कलीतही सगळं सुटलेलं नाही. शाळांतली सरमिसळ चांगली असूनही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या परीक्षेतल्या गुणांत मोठी दरी आहे. दारापर्यंतचं काम सोडतीने होतं, पुढचं वर्गात करावं लागतं.

दाराच्या आत

इथे मराठी पालकांचा थेट संबंध येतो. मुलाचं नाव घालताना एक फॉर्म येतो: मूल आधी कुठली भाषा बोलायला शिकलं, घरात कुठली भाषा बोलता? आपल्यातले कित्येक जण तिथे इंग्रजी लिहितात. मराठी लिहिलं तर मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील, मागे पाडतील, ही भीती. आजी व्हिडिओ कॉलवर मराठीत गोष्ट सांगते, आई मराठीत रागावते, आणि फॉर्मवर मात्र इंग्रजी.

हा फॉर्म आला कुठून? सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १,८०० चिनी भाषक मुलं इंग्रजी वर्गात काही न समजता बसून असत. डिस्ट्रिक्टचं म्हणणं होतं की आम्ही सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक देतो, यात भेदभाव कसला? १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणं ही समान वागणूक नव्हे. तेव्हापासून डिस्ट्रिक्टवर बंधन आहे की अशी मुलं शोधायची आणि त्यांना समजेल अशी मदत द्यायची. त्या शोधाची पहिली पायरी म्हणजे हा फॉर्म. खरं उत्तर लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी पक्कं असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर मदत मिळणं हा त्याचा हक्क आहे. पालकांची भीती अगदीच निराधार नाही, कारण काही मुलं वर्षानुवर्षं ‘इंग्रजी शिकणारी’ या शिक्क्याखाली अडकतात आणि चित्रकला, संगीत, विज्ञानाचे तास गमावतात. पण त्यावर उपाय शाळेत जाऊन विचारणं, दरवर्षीच्या चाचणीचा निकाल मागणं. घरची भाषा लपवून मुलाला ती कमी प्रतीची आहे हेच आपण शिकवतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

अपंग मुलांचा प्रवास आणखी कठीण होता. १९७५ पूर्वी अमेरिकी शाळा पाचातल्या एकाच अपंग मुलाला शिकवत होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक मुलाला मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क दिला. मुलासाठी आयईपी नावाचा वैयक्तिक आराखडा बनतो: मूल आज काय करू शकतं, वर्षभरात काय साधायचं, कुठली थेरपी आठवड्यातून किती मिनिटं. हो, मिनिटं लिहिलेली असतात, म्हणजे ती दिली नाहीत तर बोट ठेवता येतं. ज्या टेबलाशी हे ठरतं तिथे पालक समितीचा सदस्य म्हणून बसतो आणि दुभाषा मागू शकतो, मराठीचासुद्धा. शक्य तितका वेळ मुलाने बाकीच्या मुलांबरोबरच शिकावं, हे कायद्याचं तत्त्व आहे. ऑटिझम किंवा शिकण्याची अडचण असलेल्या मुलाचं निदान ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पुढे ढकलणारी घरं आपल्यात आहेत. एकेक वर्ष त्यात जातं आणि लहान वयातलं वर्ष परत मिळत नाही.

हुशार मुलांच्या वर्गांचं पाहू. अनेक ठिकाणी शिक्षक किंवा पालक सुचवतील त्याच मुलाची चाचणी घेतली जाई. जाणकार पालक सुचवत, बाकीच्यांना असं काही असतं हेच ठाऊक नसे. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ च्या सुमारास दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाळणी चाचणी घ्यायला सुरुवात केली. निवड झालेल्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, मुलं एकदम वाढली. ती मुलं आधीही तितकीच हुशार होती, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पैशाची चणचण आली, कार्यक्रमाला कात्री लागली आणि प्रमाण पुन्हा घसरलं.

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचं थॉमस जेफरसन हायस्कूल भारतीय पालकांना तोंडपाठ आहे. विज्ञानाची ही नामांकित सरकारी शाळा प्रवेशपरीक्षा घ्यायची आणि मुलं वर्षानुवर्षं क्लास लावून तयारी करत. २०२० मध्ये बोर्डाने परीक्षा आणि तिची फी काढून टाकली आणि काउंटीतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आठवीतल्या दीड टक्के मुलांना जागा राखल्या. प्रवेशात आशियाई मुलांचा वाटा ७३ टक्क्यांच्या आसपास होता, तो पहिल्याच वर्षी ५४ वर आला. आशियाई पालकांची संघटना न्यायालयात गेली, खालच्या न्यायालयात जिंकली, अपिलात हरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. ज्या मुलाने दोन उन्हाळे गणितात घातले त्याचं दुःख खरं आहे, ते झटकून टाकू नये. तरीही मला बोर्डाचा नियम न्याय्य वाटतो. पूर्वी मोजक्या शाळांतूनच बहुतेक मुलं येत, आता प्रत्येक शाळेतल्या सर्वोत्तम मुलांना दार दिसतं, आणि नव्या पद्धतीत गरीब आशियाई घरांतली मुलंही वाढली.

जेवणाचंही तसंच. पैसे थकले की काही शाळा मुलाच्या हातातलं ताट काढून घेत, थंड सँडविच देत किंवा हातावर शिक्का मारत. न्यू मेक्सिकोने २०१७ मध्ये कायदा करून ही नामुष्की थांबवली. कॅलिफोर्नियाने २०२२-२३ पासून सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत केलं, त्यामुळे रांगेत गरीब कोण हे ओळखू येईनासं झालं.

सणांच्या सुट्ट्यांना मी यात खालचं स्थान देते. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी देणाऱ्या कायद्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सही झाली. मुलांना आनंद झाला, तो योग्यच. पण सुट्टी जाहीर करायला फारसं काही मोडावं लागत नाही. हद्दी बदलायला लागतं.

आता कायदा कुठे उभा आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने देशभरातल्या शाळांना पत्र पाठवलं: वंशाचा विचार करणारे कार्यक्रम बंद करा, नाहीतर केंद्राचा निधी जाईल. कित्येक डिस्ट्रिक्टनी घाबरून पदांची आणि कार्यक्रमांची नावं बदलली. ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडमधल्या फेडरल न्यायालयाने ते पत्र बेकायदा ठरवून रद्द केलं. या धुमाळीत एक गोष्ट हरवते. इंग्रजी न येणाऱ्या मुलाची मदत, अपंग मुलाचा आयईपी, बेघर मुलाला कागदपत्रांशिवाय ताबडतोब प्रवेश, देशात राहायची कागदोपत्री परवानगी नसलेल्या मुलाला शाळा हे सगळं त्या पत्राने दिलेलं नव्हतं, त्यामुळे पत्राने काढूनही घेता येत नव्हतं. ते संसदेच्या कायद्यांतून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून आलं आहे.

पैशाचा निर्णय स्थानिकच राहतो. कॅलिफोर्नियात २०१३ पासून असा नियम आहे की गरीब घरांतली, इंग्रजी शिकणारी आणि आईवडिलांऐवजी सरकारने नेमलेल्या कुटुंबांत (फॉस्टर केअर) वाढणारी मुलं जितकी जास्त, तितका राज्याचा निधी जास्त. तो कसा खर्च होणार याचा आराखडा डिस्ट्रिक्टला पालकांचं म्हणणं ऐकून, जाहीर सुनावणी घेऊन दर जूनअखेर मंजूर करावा लागतो. ज्या शाळेत इंग्रजी शिकणारी २१ किंवा जास्त मुलं आहेत तिथे पालकांची सल्लागार समिती असते, आणि डिस्ट्रिक्टमध्ये अशी ५१ किंवा जास्त मुलं असतील तर डिस्ट्रिक्टच्या पातळीवरही. फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिलेल्या आणि इंग्रजी अजून पक्कं न झालेल्या मुलाची आई त्या समितीत निवडून येऊ शकते. बैठक बहुधा संध्याकाळी शाळेतच असते, विषयपत्रिका आधी लावावी लागते आणि दुभाषा हवा असेल तर तो शाळेच्या कार्यालयाला आधी कळवून मागायचा असतो.